वटवाघळांच्या झाडाखाली गोठा आहे? आधी काय हलवायचं, मग काय

केरळातून निपाहची, म्हणजे वटवाघळांकडून येणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, बातमी आली की दोन दिवसांत फोन सुरू होतात. "साहेब, आखाड्यावरच्या चिंचेला शे-दोनशे वाघळं लटकलीत. फटाके लावू का झाडच तोडू?" पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली तेव्हाही हा प्रश्न यायचा, निवृत्तीनंतरही येतो. दोन्ही नको. आधी पाण्याचा हौद झाका.

आपल्याकडे कष्टाला कुणी कमी पडत नाही, पण कामं उलट्या क्रमानं होतात. पहिल्या दिवशी झाडावर दगड, दुसऱ्या दिवशी धूर, आणि जनावरं मात्र त्याच झाडाखाली दावणीला. वटवाघळाचा विषाणू उडत येऊन अंगात शिरत नाही. तो येतो लाळेतून, मुतातून, विष्ठेतून, अर्धवट खाल्लेल्या फळातून. त्यामुळे झाडाखालचं आपलं काय काय आहे ते बाजूला घ्यायचं, एवढाच या लेखाचा गाभा. पण ते कोणत्या क्रमानं करायचं, तिथंच गाडी अडते.

भीती किती बाळगायची तेही आधीच सांगतो. भारतातले निपाहचे उद्रेक आजवर पश्चिम बंगाल आणि केरळात झाले. महाराष्ट्रात २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली, तेव्हा काहींच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे विषाणूची आणि त्यांची कधीतरी गाठ पडलेली होती. घाबरून गाव सोडण्याजोगं यात काही नाही, पण हौद उघडा ठेवण्याजोगंही नाही.

टप्पा १: हाकलायचा विचार आधी डोक्यातून काढा

हा टप्पा काही न करण्याचा आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात.

फटाके, धूर, गोफण, झाड तोडणं यांनी वटवाघळं संपत नाहीत. थवा फुटतो आणि चार ठिकाणी बसतो. एक चिंच होती तिथं शेजाऱ्याचा वड, शाळेमागचा पिंपळ आणि तुमच्याच विहिरीवरचं उंबर. त्यातून उपाशी राहिलेलं, हुसकावलेलं वटवाघूळ विषाणू जास्त प्रमाणात बाहेर टाकतं. ऑस्ट्रेलियात घोड्यांमार्फत माणसांना होणाऱ्या हेंड्रा रोगाच्या अभ्यासात हे दिसलं आहे: जंगलातलं खाणं आटलं की वटवाघळं वस्तीजवळ येतात आणि रोग उतरायची शक्यता वाढते. झाड तोडून आपण नेमकं तेच घडवतो.

कायद्याचंही बघा. पूर्वी फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती यादीच गेली. "उंदरासारखंच आहे, मारलं तर कोण विचारतं" हे आता चालत नाही.

दम्यावर किंवा सांधेदुखीवर वाघळाचं मांस नाहीतर तेल द्यायची पद्धत काही गावांत अजून आहे. त्यानं दमा जात नाही. मारताना आणि सोलताना रक्त-लाळ हाताला लागते, ती मात्र नक्की.

टप्पा २: एक संध्याकाळ बसून पाहा

दिवस मावळायच्या अर्धा तास आधी बाज टाकून झाडापासून लांब बसा. पाहायच्या गोष्टी दोनच: वटवाघूळ कोणतं आणि घाण कुठवर पडते.

दिवसा उघड्या फांदीवर ओळीनं लटकणारी, कलकलाट करणारी, पंख पसरले की मीटरभराच्या पुढं जाणारी ती मोठी फळखाऊ वटवाघळं. निपाहच्या बाबतीत मुख्य संशय यांच्यावर. पडक्या गढीत, माळवदाच्या सरात, विहिरीच्या कपारीत बसणाऱ्या लहान पाकोळ्या बहुतेक किडे खाणाऱ्या. त्या रात्रभर डास आणि पिकावरचे पतंग मटकावतात. २०१८ मध्ये कोझिकोडला पहिल्यांदा तपासली ती घराच्या विहिरीतली किडेखाऊ वटवाघळं. त्यांच्यात विषाणू नव्हता. तो नंतर त्या भागातल्या फळखाऊ वटवाघळांत मिळाला. पण महाबळेश्वरची गुहेत राहणारी जातही फळखाऊच होती, म्हणून "झाडावरची वाईट, गुहेतली चांगली" अशी वाटणी करू नका. लहान असो की मोठं, उघड्या हातानं धरायचं नाही.

सकाळी झाडाखाली जा. काळपट ओघळ, फळाच्या बिया आणि चघळून थुंकलेले चोथ्याचे गोळे दिसतील. वटवाघूळ रस गिळतं आणि चोथा टाकतं. जिथवर हे पडलंय त्याच्याही चार पावलं बाहेरून फक्कीची रेघ मारा. ही रेघ पुढच्या सगळ्या टप्प्यांना लागणार आहे.

*तपासा:* रेघेच्या आत काय काय येतं ते कागदावर लिहा. हौद, गव्हाण, कडब्याची गंजी, कोंबड्यांचं खुराडं, शेळ्यांचा वाडा, पोरांचा झोका, सालगड्याची बाज. बाज बहुतेक जण विसरतात.

टप्पा ३: पाणी, वैरण, जनावर, याच क्रमानं

जनावर आधी हलवलं आणि हौद तिथंच राहिला तर काय होतं? दुपारी तहानेनं सोडलेली म्हैस सरळ जुन्या हौदावर जाते. म्हणून पाणी पहिलं.

हौद बांधीव असेल तर हलवता येत नाही. त्यावर पत्रा टाका, दिवेलागणीला झाकायचा आणि उजाडल्यावर काढायचा. वटवाघळं उडताना आणि पहाटे परतताना सगळ्यात जास्त घाण करतात, त्या दोन वेळांना हौद उघडा नको. झाकण्याआधी एकदा पूर्ण उपसून, घासून घ्या. विहीर झाडाखाली असेल तर तोंडावर ताणून जाळी बसवा आणि प्यायचं पाणी उकळा.

वैरणीचं सोपं आहे: गंजी हलत नसेल तर ताडपत्री, आणि गव्हाणीत रात्रीची उरलेली वैरण सकाळी जनावराला न घालता काढून टाका.

आता जनावरं. इथं मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४३ च्या वर जातो, आखाड्यावर सावली त्या एका चिंचेचीच, मग गुरं बांधायची कुठं? खरं आहे. उन्हात बांधून म्हैस मारण्यात शहाणपण नाही. रेघेच्या बाहेर तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घाला, वर जुनं शेडनेट किंवा पाचट टाका. दोन माणसांचं दिवसाचं काम आहे. तेही जमत नसेल तर निदान गव्हाणीवर पत्र्याचं छप्पर करा आणि दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत जनावरं झाडाखालून काढा.

वराहपालन करणाऱ्यांसाठी यात सवलत नाही. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांच्या गोठ्यांलगत फळझाडं होती. वटवाघळांची उष्टी फळं खाली पडली, डुकरांनी खाल्ली, डुकरांपासून माणसांना रोग गेला. शंभराहून अधिक माणसं दगावली आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. भारतातल्या उद्रेकांत असं मधलं जनावर सापडलेलं नाही, पण डुकराला हा रोग होतो आणि वेगानं पसरतो हे पक्कं आहे. डुकरांच्या वाड्यावर फळझाडाची एकही फांदी नको.

टप्पा ४: उष्टी फळं रोज सकाळी, शेळ्या सोडायच्या आधी

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ असो, अर्धापूरची केळी की परसातला पेरू, वटवाघळाला सगळं चालतं. पडलेलं फळ शेळीला चालणं हे आपल्याकडं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. उस्मानाबादी शेळी तर पडायची वाट बघत उभी असते.

१. हातमोजे घालून किंवा फावड्यानं फळं गोळा करा.
२. दीड-दोन फूट खड्ड्यात टाका, वर चुना, वर माती.
३. उकिरड्यावर टाकू नका. तिथं कोंबड्या, कुत्री आणि गावातली मोकाट डुकरं आधीच हजर असतात.
४. त्यानंतरच शेळ्या सोडा.

चोच मारलेलं आणि दात लागलेलं फळ ओळखायला बसू नका. "पोपटानं खाल्लेलं गोड असतं" म्हणत कुरतडलेला भाग कापून बाकीचं पोरांच्या हातात देणारी माणसं मी पाहिली आहेत, आमच्या घरातलीच. कुरतडलेलं फळ अख्खं जातं खड्ड्यात. न फुटलेलं फळ धुऊन, सोलून खायला काही हरकत नाही.

*सावधान:* झाडाला जाळी लावणार असाल तर करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक विणीची आणि ताणून लावा. सैल नायलॉनची, मासे धरायची जाळी टाकली की वटवाघूळ अडकतं, आणि ते सोडवायला जाणाऱ्याला चावतं.

टप्पा ५: शिंदीचं मडकं

देगलूर, बिलोली, धर्माबाद पट्ट्यातल्यांनी हा भाग वाचावा. बांगलादेशात २००१ पासून निपाह वरचेवर येतो आणि त्याचं मोठं कारण खजुरीचा कच्चा रस आहे. झाडाला खाप मारली की रात्रभर रस पाझरतो. वटवाघूळ ती धार चाटतं आणि मडक्यात मुततं. आपल्याकडच्या शिंदीच्या झाडालाही रस काढण्याची रीत तीच.

खाप आणि मडक्याचं तोंड दोन्ही झाकलं जाईल अशी चटई किंवा बांबूची तट्टी बांधा. नुसतं मडक्यावर फडकं टाकून भागत नाही, कारण चाटलं जातं ते वरच्या खापेवर. ताजा रस प्यायचा तर उकळून. आणि "आंबली की त्यातलं सगळं मरतं" यावर विसंबू नका. बांगलादेशात आंबवलेली ताडी पिऊनही लागण झालेली आहे.

टप्पा ६: मेलेलं वटवाघूळ उचलणं

सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, म्हणून इथं जरा वेळ घ्या.

आधी सामान. हे पावसाळ्याच्या आधीच एका घमेल्यात भरून ठेवा, वटवाघूळ पडल्यावर शोधत बसू नका: जाड रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, गमबूट, लांब दांड्याचं फावडं, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, साबण आणि ब्लीचिंग पावडर.

ब्लीचिंगचं प्रमाण: ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मेलेल्या प्राण्यासाठी आणि घाणीसाठी, १५० ग्रॅम अवजारं आणि फरशीसाठी. रोज ताजं करा. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो. वास उग्र येत नसेल तर ती फेका. शेणाच्या थरावर ब्लीचिंग ओतून उपयोग नाही, आधी शेण काढा, धुवा, मग ओता.

*सावधान:* ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. निघणारा वायू जीव घेतो.

आता काम.

१. कुत्री बांधा, पोरांना घरात घ्या.
२. लांबूनच मोजा आणि फोटो काढा. एखादंच असेल तर पुढं जा. दोन-चारपेक्षा जास्त असतील तर थांबा, वनविभागाच्या १९२६ वर आणि पशुसंवर्धनच्या १९६२ वर फोन करा. नमुना घ्यायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. घाईनं पुरून टाकलं की कारण कळायचं राहून जातं.
३. मोजे, मास्क, गॉगल, बूट घाला. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.
४. फवारा न मारता, अलगद द्रावण ओता. दहा मिनिटं थांबा.
५. फावड्यानं उचलून एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. दोन्हींना गाठ.
६. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, तीन-चार फूट खड्डा, चुना, माती, वर मोठे दगड. दगड नसतील तर रात्री कुत्री उकरतात.
७. पडलेल्या जागेवर आणि फावड्यावर पुन्हा द्रावण.

सामान उतरवण्याचा क्रम चुकला की वरची सगळी मेहनत वाया. मोजे हातात असतानाच साबणानं धुवा, मग बूट धुवा, मग मोजे उलटे करत काढा, हात धुवा, गॉगल काढा, सगळ्यात शेवटी मास्क, आणि पुन्हा हात धुवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गढीत काम उरकून मी घामानं चिकटलेला मास्क आधी ओढून काढला आणि त्याच मोज्यांनी कपाळ पुसलं. पुढचे दोन आठवडे साध्या सर्दीनंही झोप उडत होती. काही झालं नाही, पण तसा पंधरवडा कुणाच्या वाट्याला नको.

मे महिन्यात एकाच झाडाखाली पंचवीस-तीस वटवाघळं मरून पडलेली दिसली तर ती बहुधा उन्हानं गेली असतात. मोठ्या वटवाघळांना ४२ अंशांपुढची उष्णता सोसत नाही. २०२० च्या मे महिन्यात गोरखपूरकडं असंच झालं होतं, लोकांना कोरोनाची शंका आली, तपासणीत उष्माघात निघाला. तरीही उचलायची पद्धत हीच. कशानं मेलं हे बघून कळत नाही.

जिवंत पडलेलं असेल तर वर घमेलं पालथं घाला, दगड ठेवा आणि १९२६ ला कळवा. पाणी पाजायला जाऊ नका. उन्हाळ्यात मेलेल्या मादीच्या पोटाला जिवंत पिल्लू चिकटलेलं असतं, तेही दात लावतं.

जुन्या गढ्या, लेण्या, देवगिरीची अंधारी अशा ठिकाणी काम असेल तर वाळलेली विष्ठा झाडूनं उडवू नका. त्यातली बुरशी फुप्फुसात जाते. आधी पाणी शिंपडा, मग फावड्यानं उचला. खत म्हणून ती ताजी शेतात टाकायची हौस करू नका.

टप्पा ७: चावलं, ओरखडलं, डोळ्यात थेंब गेला

साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. डोळा असेल तर नुसतं पाणी. पंधरा मिनिटं म्हणजे फार वाटतात, पाण्याचा हंडा ओतायला दुसरा माणूस घ्या. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि "काहीतरी चावलं" असं न सांगता "वटवाघूळ चावलं" असं सांगा. वटवाघळांत रेबीजच्या घराण्यातले विषाणू असतात; लस आणि सीरम द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. दात सुईसारखे बारीक असल्यानं जखम दिसत नाही. लहान मूल झोपलेल्या खोलीत वटवाघूळ आढळलं तर तेही डॉक्टरांना सांगा.

टप्पा ८: जनावर आजारी पडलं

ताप, धाप, खोकला, अंग थरथरणं, तोल जाणं, गाभडणं. ही लक्षणं घटसर्पातही येतात, शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगातही येतात आणि विषबाधेतही. त्यामुळे "निपाह आहे" असं गावभर करू नका आणि "काही नाही, मोसम बदलला" म्हणत अंगावरही काढू नका. डुकरांत तोंड उघडं ठेवून श्वास आणि लांबून ऐकू येईल असा भुंकल्यासारखा खोकला दिसला तर त्याच तासाला फोन.

जनावर वेगळं बांधा. एकाच माणसानं बघा, आणि ते माणूस घरातलं म्हातारं किंवा गरोदर नको. दूध वेगळं काढा, घरात आणू नका. १९६२ ला फोन करा. आणि बाजार जवळ आलाय म्हणून विकू नका. आजारी जनावर आठवडी बाजारात उभं राहिलं की रोग पाच तालुक्यांत जातो. २००९ च्या जनावरांमधील सांसर्गिक रोगांच्या कायद्यानं अधिसूचित रोगाची शंका आली तर ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणं हे मालकाचं काम आहे.

मेलं तर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, पशुवैद्य येईपर्यंत ओढून ओढ्यात टाकायचं नाही. नमुने पशुवैद्यच घेतील. तुम्ही बाटलीत रक्त भरून मोटारसायकलवर परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं तर ते तपासता येत नाही आणि वाटेत सांडलं तर वेगळीच आफत.

टप्पा ९: माणसाला ताप आला

निपाहची लक्षणं साधारण ४ ते १४ दिवसांत दिसतात, क्वचित उशिरा. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग गुंगी, बरळणं, धाप. त्यावर लस नाही. लागण झालेल्यांपैकी ४० ते ७५ टक्के दगावल्याची नोंद वेगवेगळ्या उद्रेकांत आहे. सिलिगुडीत २००१ ला आणि कोझिकोडला २०१८ ला बरीच लागण दवाखान्यातच झाली, शुश्रूषा करणाऱ्यांना. म्हणून भेटायला येणाऱ्यांची रांग लावू नका. एक माणूस, मास्क आणि मोजे घालून.

रुग्णाला नेताना १०८ ला फोनवरच संपर्काची कल्पना द्या, म्हणजे गाडीतली माणसं तयारीनं येतील. रक्त खासगी लॅबला देत बसू नका. नमुना दवाखान्यामार्फतच पुण्याच्या विषाणू संस्थेकडं जातो.

आणि एक चिठ्ठी बरोबर द्या. दवाखान्याच्या गडबडीत घरच्यांना काही आठवत नाही, म्हणून ती ताप आला त्याच दिवशी लिहा: वटवाघळाला, उष्ट्या फळाला किंवा आजारी जनावराला हात लागला ती तारीख, ताप आला ती तारीख, महिनाभरात केरळ-बंगालकडं जाणं झालं का, घरात आणखी कोण आजारी, गोठ्यात कोणतं जनावर आजारी किंवा मेलं. चिठ्ठीच्या खाली टप्पा २ मध्ये केलेली यादी जोडा, रेघेच्या आत काय काय होतं ती.